पंचनाम्यातले दोन दात

बोरझरीच्या प्रयागबाईला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात होते, आणि गावाचं खरं दुखणं तेच होतं. तिच्या बरोबरीच्या बायका भाकर दुधात कुस्करून गिळायच्या. पुरुष सुपारी आधी अडकित्त्यानं कातरायचे आणि मग खलबत्त्यात कुटून घ्यायचे. ही बाई मात्र चावडीसमोरून जाताना अख्खी सुपारी दाढेखाली धरून कट्टकन फोडायची. तो आवाज आला की चावडीवरच्या म्हाताऱ्यांचे हात नकळत आपापल्या गालांकडं जायचे. विधवा बाईनं या वयात इतके दात बाळगावेत, याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं गाव बरीच वर्षं म्हणत होतं.

तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं: रोज सकाळी बाभळीची काडी. पण इतकं साधं कारण कुणाला पटलं नसतं, आणि पटवत बसायला तिला वेळही नव्हता. ती गावची सुईण होती. सासूच्या हाताखाली शिकली, आणि गेली पस्तीस वर्षं बोरझरीत जन्मलेलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात पडलं आणि मग जगाच्या.

तिची पद्धत ठरलेली होती. पोर सुपात घ्यायचं. नाळेला काळा दोरा गुंडाळायचा, एक टोक उजव्या हातात, दुसरं समोरच्या दोन दातांत, आणि गाठ अशी आवळायची की पुन्हा सुटायचं नाव नाही. डावा हात पोराला धरायला मोकळा राहायचा. मग जाळावर धरलेल्या विळ्यानं नाळ कापायची. शेवटी सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि बेंबीभोवती पाच ठिपके द्यायचे, पोटात वारा धरू नये म्हणून. बिब्ब्याचा डाग जन्मभर जात नाही. प्रयागबाई डावखुरी, त्यामुळं चार ठिपके जागच्या जागी बसायचे आणि पाचवा दरवेळी डावीकडं घसरायचा. नदीवर पोहणारी पोरं असोत की उघड्या अंगानं वखर हाणणारे बाप, बोरझरीत ज्याच्या पोटाकडं पाहावं त्याचा पाचवा ठिपका घसरलेला. सगळ्या गावावर बाईची सही होती म्हणायची.

हे एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमाराचं. दिवाळी होऊन गेली होती, शेतात कापूस फुटला होता, आणि मारोतराव पाटलाची म्हैस आटली. आठ शेर दूध देणारी म्हैस एकाएकी तीन शेरांवर आली. पाटील तुपाचा धंदा करायचा आणि घरात कुणाच्या वाटीत थेंब जास्त पडला तरी जेवण सोडून ओरडायचा, त्यामुळं त्याला पाच शेरांचा हा धक्का मोठा होता.

त्याच आठवड्यात पाटलाची लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणासाठी इंझोरीहून माहेरी आली होती. म्हैस आटली आणि पंचफुला आली, या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहायचं गावात कुणाला सुचलं नाही. प्रयागबाईला सुचवून घ्यावं लागलंच नाही. ती भरदुपारी पोरीचं पोट चाचपायला गेली, तर पोरीच्या वरच्या ओठावर ही जाड सायीची मिशी, आणि दाराआड पाटलीण मनकर्णाबाई पदराखाली चरवी लपवून उभी. पाटील शेतात गेला की मायलेकी म्हशीची चोरून धार काढत होत्या, एवढाच प्रकार.

प्रयागबाईनं पंचफुलेच्या ओठावरून बोट फिरवलं, ते तिच्याच लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "पोट चांगलं उतरलं हाय. डोकं खाली हाय." दुधाचं नाव काढलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतलं खोलीतच राहिलं पाहिजे हा तिच्या सासूचा नियम होता, आणि तिनं तो कधी मोडला नव्हता.

पाटलानं शेलूबाजारहून भगत आणवला. रामकिसन भगत पस्तिशीचा, अंगात मानेपासून घोट्यापर्यंत काळी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ. त्याची आई बोरझरीचीच लेक, त्यामुळं तो गावाचा भाचा लागायचा आणि त्याला जेवायला दोन पोळ्या जास्त मिळायच्या. त्यानं चावडीवर सुपात ज्वारी पसरली आणि एकेक नाव घेऊन चिमूट उचलायला सुरुवात केली. दाणे जोडीजोडीनं लागले तर माणूस निर्दोष. शेवटी एक दाणा एकटा उरला तर तेच चेटूक. पहिला एकटा दाणा पाटलाच्या चुलतभावाच्या नावावर उरला. भगत म्हणाला, चिमूट नीट बसली नाही. दुसरा पाटलाच्या सासूच्या नावावर उरला. भगतानं बोटं धुऊन घेतली. तिसरा प्रयागबाईच्या नावावर उरला, तेव्हा मात्र चिमूट नीट बसली होती.

"चेटकिनीची हत्यारं घरात सापडतीन," भगत म्हणाला. "चला."

पाटील चार इयत्ता शिकलेला होता आणि त्याला पंचनामे लिहायचा भारी नाद होता. कुणाची शेळी मेली तरी तो दौत-टाक घेऊन हजर. प्रयागबाईच्या अंगणात तो घोंगडी टाकून बसला, आणि भगत तिच्या झोपडीतून एकेक वस्तू बाहेर आणून तिचा महिमा सांगू लागला.

"सूप. चेटकीन याच्यावर बसून अवसेले फिरते."

"याच्यावर?" प्रयागबाई म्हणाली. "भगत, मी बसली त याची एक कामटी साबूत राह्यन का? आन् सूप कोनाच्या घरी नाई?"

"तुहं पालथं ठेवलेलं होतं."

"पालथं नाई ठेवलं त त्यात कोंबडी बसते."

पाटलानं लिहिलं: अनुक्रमांक एक, सूप, पालथं. पुढं विळा, जाळून काळा केलेला. मग काळा दोरा, गुंडी एक. बिब्बे सात. सुई एक, मोठी. बिब्बे आणि सुई दिसल्यावर जमलेले लोक दोन पावलं मागं सरले, कारण लिंबाला सुया टोचून करणी करतात हे सर्वांना ठाऊक होतं, आणि लिंबू सापडलं नाही म्हणून कुणाचं समाधान झालं नाही. त्यानंतर भगतानं केसांचा एक लांब झुबका बाहेर काढला, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे कोनाचे केस?" पाटलानं विचारलं.

"माहेच. लेकरू झाल्यावर मांगची वार पडत नसली का बाळंतिनीच्या तोंडात कोंबतो. उमासा आला का वार पडते." प्रयागबाईनं जमलेल्या बायकांकडं पाहिलं. "यातल्या सात-आठजनींनं चाखले हायेत थे."

सात-आठजणींनी पदर आणखी वर घेतले.

राहता राहिली बाहुली. काळ्या बाहुलीशिवाय चेटूक होत नाही, असं भगत ठासून सांगत होता, आणि बाहुली काही सापडेना. शेवटी त्यानं बाळंतिणीच्या पोटाला बांधायची, गुंडाळून गाठ मारलेली पट्टी उचलली. पाटलानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं: अनुक्रमांक सात, बाहुली, एक, हातपाय नसलेली.

मग भगतानं उपाय सांगितला. उपाय जुना होता, आजोबा-पणजोबांच्या वेळचा, आणि म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. चेटकिणीचा मंतर समोरच्या दोन दातांच्या फटीतून बाहेर पडतो. ते दोन दात वरवंट्यानं पाडले की मंतर तोंडातच फसफसतो आणि बाई गरीब गाय होऊन जाते. येत्या अवसेला सकाळी चावडीच्या ओट्यावर काम उरकायचं. अट एकच.

"जो वरवंटा मारन, त्याच्या आंगाले या बाईचा हात कधी लागलेला नसला पायजे. हात लागेल मानसानं मारलं, त तिचे दात जागच्या जागी राह्यतीन, अन् पडतीन त्याचे."

पाटलाला सरकारी कायदाही ठाऊक होता. बाईचे दात पाडल्याचं वाशीमच्या फौजदाराला कळलं तर पाटीलकी जाईल. म्हणून त्यानं तिथंच, त्याच कागदावर, आधीच लिहून टाकलं: सदर बाई विहिरीवर पाय घसरून पडली व तिचे समोरचे दोन दात पडले. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. हत्यारं त्याच सुपात बांधून चावडीत जप्त झाली.

लोक गेल्यावर प्रयागबाई रिकाम्या झोपडीत बसली आणि रडली. मार लागायची तिला भीती नव्हती. दोन पोरं आणि नवरा जाळून आलेली बाई ती. पण ते दोन दात गेले की गाठ आवळणार कशानं? आणि समोरचे दात पाडलेली बाई दहा गावांत लांबूनच ओळखू येते. तिनं तोंड उघडलं की लोक पोरांना पदराआड घेतात. तिला कोण बाळंतपणाला बोलावणार? तिनं दोन्ही दातांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग डोळे पुसून एक सुपारी फोडली. असल्या वेळी तिला दुसरं काही सुचायचं नाही.

अवसेच्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा चावडी भरली होती. पाटलाच्या घरचा वरवंटा धुऊन, हळद लावून ओट्यावर ठेवला होता. पाटलानं शेजारच्या तांड्याचे हेमसिंग नाईक यांनाही मानाचे पंच म्हणून बोलावलं होतं. प्रयागबाई स्वतःच्या पायांनी आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली.

"आता ज्याले बाईचा हात लागेल नाई, त्यानं पुढं या," भगत म्हणाला.

कुणी पुढं आलं नाही. आधी वाटलं, लोक लाजतायत. मग कुजबुज सुरू झाली, आणि मग गावाच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं. पस्तिशीच्या आतले सगळे तिच्याच हातावर जन्मलेले. बाहेरून सून म्हणून आलेल्या बायका तिच्याच हातांनी सुटलेल्या. राहिले पस्तिशीच्या वरचे पुरुष. त्यांना एकेकाला ओट्यावर बोलावून विचारलं. एकाचा खांदा तिनं बसवला होता. एकाच्या पाठीतलं गळू पिळलं होतं. एकाच्या पायातला बाभळीचा काटा तिनं काढला होता, तोही सुईनं, अनुक्रमांक पाच.

"बबनराव हाय ना," कुणीतरी म्हणालं. "थो त घरजवाई हाय, लोणारकडचा. त्याचा काय संबंध?"

बबनरावाला पुढं ढकललं. तो चांगला धिप्पाड गडी होता. त्यानं वरवंट्याकडं पाहिलं, प्रयागबाईकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

"तू सांगतं का मी सांगू?" प्रयागबाई म्हणाली.

"मांगच्या साली बेंबी सरकली होती," बबनराव पुटपुटला. "बाईनं तेल लावून बसवली."

"आठ दिवस," प्रयागबाई म्हणाली. "रोज लेकरावानी रडे."

लोक हसले. पाटील चिडला. त्यानं हेमसिंग नाईकांकडं पाहिलं. नाईकांनी मिशांवरून हात फिरवला आणि जागचं न हलता सांगितलं, "पाटील, आमच्या तांड्यातल्या डाकिणी आमी पाहतो. तुमच्या तुमी पाहा. आमी तुमाले कधी बलावलं का?"

तेव्हा रामकिसन भगताला वाटलं की आता आपणच पुढं झालं पाहिजे, नाहीतर आपली अब्रू जाते. त्यानं वरवंटा उचलला. "मी शेलूबाजारचा मानूस," तो म्हणाला. "तुमच्या गावच्या बाईचा हात मले काहून लागन? माह्या आंगाले लागला हात त एकाच बाईचा. देवीचा. जनमताच देवीनं पाच बोटं टेकवली माह्या पोटावर. माही माय सांगे." आणि आजवर शेलूबाजारच्या बाजारात ज्या गोष्टीनं त्याला भगत केलं होतं, ती त्यानं बोरझरीकरांना दाखवली. कफनी छातीपर्यंत वर केली.

बेंबीभोवती चार ठिपके. पाचवा डावीकडं घसरलेला.

शेलूबाजारकडची सुईण दोन उभ्या रेघा ओढते, त्यामुळं तिकडं असं पोट दुसरं नव्हतं. बोरझरीत तीनशे होती. आधी एका तिशीतल्या गड्यानं शांतपणे स्वतःची बंडी वर केली. त्याच्या लेकानं केली. बबनरावाच्या दोन पोरांनी केली, कोतवालानं केली. पाहता पाहता चावडीवर नुसती पोटंच पोटं झाली, लठ्ठ, खपाटीला गेलेली, केसाळ, आणि प्रत्येकावर पाचवा ठिपका त्याच बाजूला घसरलेला.

भगत त्या पोटांकडं पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"तुही माय द्वारका," प्रयागबाई त्याला म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी मऊ झाला. "पयलं बाळंतपन माहेरीच असते, बापा. माह्या हातचं पयलंच लेकरू तू. माहा हात थरथरत होता, म्हनून तुहा पाचवा ठिपका सगळ्यायपरीस जास्त सरकला. पाह्य."

लेकीचं पोर सासरच्या गावाचं, म्हणून बोरझरीनं त्याला कधी आपल्यात मोजलंच नव्हतं. भगतानं कफनी खाली सोडली, वरवंटा हळूच ठेवला, देवीनं वारा काढून घेतल्याचं पाटलाला सांगितलं आणि जेवायलाही न थांबता शेलूबाजारची वाट धरली. मागं राहिलेल्या दोन पोळ्या कोतवालानं खाल्ल्या.

प्रकरण तिथंच संपायला हरकत नव्हती, पण मारोतराव पाटील उठला. तो साठीचा, प्रयागबाईच्या आधीचा. पाटील म्हणून जन्मभर सुईणीचा विटाळ पाळत आलेला. ती रस्त्यानं आली की हा कडेनं जायचा, आणि दुखलंखुपलं तर कारंज्याहून वैद्य यायचा. त्याच्या अंगाला तिचं बोटही लागलेलं नव्हतं.

"पाटील, ज्यानं सांगतलं थोच पयाला. जाऊ द्या आता," हेमसिंग नाईक म्हणाले.

"जाऊ कसं देऊ? पंचनामा लिवून झाला," पाटील म्हणाला. "दात पडले म्हनून लिवलं हाय. माह्या दप्तरात आजपावतो एक ओळ खोडली नाई मी." आणि त्यानं खरंच वरवंटा उचलला. म्हशीचं, चेटकाचं आता त्याच्या डोक्यातही नव्हतं. कागदावर पडलेले दात तोंडात कसे राहतात, एवढाच त्याचा प्रश्न होता.

या वेळी कुणी हसलं नाही. भगताला हसून उडवता आलं होतं; या माणसाला येणार नव्हतं, कारण याला चेटकावर विश्वासच लागत नव्हता. तिनं पायरीची कड घट्ट धरली. तोंड मिटून घ्यावंसं वाटत होतं, पण तिनं ते मिटलं नाही.

"बा."

पाटलाच्या घरून पंचफुला येत होती, दोन्ही हात कमरेवर, पाय फाकवून, सावकाश. तिच्या मागं मनकर्णाबाई. पुरुषांनी घाईघाईनं बंड्या खाली ओढल्या. पंचफुला प्रयागबाईच्या शेजारी पायरीवर बसली आणि दम खाऊन म्हणाली, "मावशीचे दात पाडले त मी बाळंत होत नाई."

"थे का तुह्या हातात हाय?" पाटील म्हणाला.

"पाह्यजो मंग. मावशी दातानं गाठ मारते. दात नाईत त गाठ नाई, गाठ नाई त लेकरू नाई. मी इथंच बसतो. बसला राह्यन नातू पोटात, त्याले दाढ्यामिशा येतवरी."

पाटलानं वरवंटा या हातातून त्या हातात घेतला. भरल्या दिवसांची लेक चावडीच्या पायरीवर बसलेली, आजूबाजूला सगळं गाव. त्यानं बायकोकडं पाहिलं. मनकर्णाबाई जमिनीकडं पाहत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाहून पंचफुला पुन्हा बापाकडं वळली.

"आन् बा, म्हशीचं म्हनशीन त, मीच—"

"पंचफुले, गप," प्रयागबाई म्हणाली.

"पन मावशी, तुले उगाच—"

"गप म्हनलं ना. दम लागते बोलून. पोटावर ताण येते."

पंचफुलेनं प्रयागबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. पंचांनी डोकी एकत्र केली आणि तोडगा काढला: पोरीची सुटका होईपर्यंत दात बाईच्या तोंडात राहतील, त्यानंतर पाटील त्याचं दप्तर पुरं करील. तारखेची जागा मोकळीच होती, त्यामुळं पाटलालाही ते मान्य करता आलं.

चौथ्या दिवशी दुपारी पंचफुलेला कळा सुरू झाल्या. प्रयागबाई आली, हात धुतले, खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "माही हत्यारं?"

हत्यारं चावडीत जप्त होती. कोतवाल टपाल घेऊन मंगरूळला गेलेला. दुसरं कुणी चेटकिणीच्या गाठोड्याला हात लावायला तयार होईना. शेवटी पाटील स्वतः गेला, आणि ज्या सुपावर बसून बाई अवसेला फिरते ते सूप, आतल्या सामानासकट डोक्यावर घेऊन, पंचनामा काखेत मारून, भर गावातून घरी आला. रस्त्यातल्या एकाही माणसानं त्याला रामराम केला नाही, म्हणजे हसू आवरण्यात ते इतके गुंतले होते.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. पाटील उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि आतून मागणी येईल तसा यादीत पाहून एकेक नग उंबऱ्यावर ठेवू लागला. मनकर्णाबाई तो आत न्यायची. प्रयागबाईचा हात चुकूनही लागू नये म्हणून पाटील प्रत्येक वेळी दोन पावलं मागं सरत होता.

"पोटपट्टी काढून ठेवा आधी."

पाटलानं यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "पोटपट्टी लिवली नाई इथं."

"बाहुली पाहा. हातपाय नसलेली."

पाटलानं अनुक्रमांक सात उंबऱ्यावर ठेवला. मग विळा गेला. पुढं लागलाच तर हाताशी असावा म्हणून केसांचा झुबका मागितला गेला तेव्हा त्यानं डोळे मिटून तो पुढं केला. त्यानंतर बराच वेळ आतून काही मागणी आली नाही. नुसतं पंचफुलेचं कण्हणं येत होतं आणि मधूनच प्रयागबाईचा आवाज, "हाओ माय, हाओ, आणखी एकडाव." साठ वर्षांत पाटील कधी या दाराशी उभा राहिला नव्हता. पोरीच्या जन्माच्या वेळी तो मंगरूळच्या बाजारात तूप विकत होता. आता तो यादी उलटी धरून वाचत होता.

आतून एक बारीक, रागावलेलं रडणं आलं.

"दोरा," प्रयागबाई म्हणाली.

अनुक्रमांक तीन. पाटलानं तो उंबऱ्यावर ठेवला आणि या वेळी मागं सरायचं विसरला. दार किलकिलं होतं. त्याला दिसलं: गुडघ्यांवर बसलेली प्रयागबाई, डाव्या हाताखाली काहीतरी लालभडक वळवळणारं, आणि तिच्या समोरच्या दोन दातांत ताणलेला काळा दोरा. तिनं मान एकदाच मागं झटकली आणि गाठ बसली.

थोड्या वेळानं बिब्बा गेला, सुई गेली, रडणं वाढलं आणि थांबलं. मग प्रयागबाई उंबऱ्याशी आली. तिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पोर होती.

"मुलगी हाय, पाटील. घ्या."

पाटलानं हात पुढं केले आणि लगेच मागं घेतले. तिचे दोन्ही हात पोरीखाली होते. पोर घ्यायची तर ते हात लागणार. आणि हात लागला की बोरझरीत वरवंटा धरू शकणारा शेवटचा माणूस संपला.

"सुपात ठेव," तो म्हणाला. "मी सुपातून उचलतो."

"घरातलं पयलं लेकरू हातातून हातात जाते. सुपातून दाने उचलतात."

पाटलानं काखेतला पंचनामा दुसऱ्या काखेत घेतला. त्याला सगळं कळत होतं. प्रयागबाईलाही कळत होतं की त्याला कळतंय, आणि ती घाई करत नव्हती. तेवढ्यात पोरीनं लुगड्यातून एक मूठ बाहेर काढली, जांभई दिली आणि आज्याच्या दिशेनं तोंड वाकडं केलं. हुबेहूब पाटलासारखं, दुधाचा हिशेब चुकल्यावर तो करतो तसं. पंचनामा काखेतून खाली पडला. पाटलानं दोन्ही हात पुढं केले.

प्रयागबाईनं पोर त्याच्या हातांत ठेवली आणि आपले हात काढले नाहीत. "मान धरा. अशी नाई, अशी," ती म्हणाली आणि तिनं त्याची बोटं एकेक करून पोरीच्या मानेखाली बसवली. पाचच्या पाच. मग पदराला हात पुसले आणि ती बाहेर अंगणात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं आठ शेर दूध दिलं, कारण मनकर्णाबाईनं नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं की बाळंतिणीला दूध लागेल, आणि पाटलानं हो म्हटलं होतं. गावानं ते पोरीच्या पायगुणावर जमा केलं. पंचनाम्यातली तारखेची जागा मोकळीच राहिली.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मारोतराव पाटील नातीला धरून उंबऱ्याशी उभा होता, आणि त्याची जीभ आपसूक त्याच्याच समोरच्या दोन दातांवरून फिरत होती. दोन्ही होते. एक जरा हलत होता. तो आधीपासूनच हलत होता की आत्ता हलायला लागला, हे काही केल्या त्याला आठवेना. बाहेर अंगणात प्रयागबाईनं कनवटीची सुपारी काढून दाढेखाली धरली आणि कट्टकन फोडली.